एकच नाव, माणसं निराळी: नावांची सूची नेमकी कशी करायची?

कंबरतलाव
जयंतीचा फलक असो, शाळेची प्रश्नमंजुषा असो की पेपरातली श्रद्धांजली, घोळ एकच होतो. नाव बरोबर, माणूस दुसराच. वाचनालयाच्या संदर्भ विभागात ठेवण्यासाठी एकाच नावाच्या नामवंतांची सूची करायची आहे. नुसत्या गमतीच्या जोड्या नकोत. समोरच्याने नाव उच्चारलं की कोण हवाय हे कार्ड बघून लगेच कळलं पाहिजे.

कार्ड नेहमीचंच, साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं. त्यावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, मग सालं, क्षेत्र, गाव, आणि तळाशी ‘हे नव्हेत’ अशी एक ओळ. नमुना:

आपटे, नारायण हरि
१८८९–१९७१
कादंबरीकार. कोरेगाव (जि. सातारा)
हे नव्हेत: आपटे, हरि नारायण (१८६४–१९१९), कादंबरीकार, पुणे

ही जोडी मुद्दाम सगळ्यात अवघड घेतली. दोघे आपटे, दोघे कादंबरीकार, आणि एकाचं नाव तेच दुसऱ्याच्या वडिलांचं. बापलेक मात्र नव्हेत. ‘पण लक्षात कोण घेतो’ ह. ना. आपट्यांची, प्रभातचा ‘कुंकू’ ज्या कादंबरीवरून निघाला ती ना. ह. आपट्यांची. आद्याक्षरं उलटसुलट पडली की एकाची पुस्तकं दुसऱ्याच्या खात्यात जातात. इथे क्षेत्र लिहून काही उपयोग नाही, सालंच निवाडा करतात.

जोड्या सुचवा, पण प्रत्येकीबरोबर ‘कशावरून ओळखायचं’ तेही लिहा.

भुईकोट
सोप्यापासून सुरुवात करू.

सुधीर जोशी: एक अभिनेते, २००५ साली गेले. दुसरे शिवसेनेचे नेते, मुंबईचे माजी महापौर आणि युती सरकारात मंत्री, २०२२ साली गेले.

मोहन जोशी: एक नट, अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे माजी अध्यक्ष. दुसरे पुण्यातले काँग्रेस नेते, २०१९ ला लोकसभेचे उमेदवार. इथे ‘अध्यक्ष’ एवढंच लिहिलंत तर गोंधळ वाढेल. परिषदेचं नाव हवंच.

राम कदम: संगीतकार (१९१६–१९९७), ‘पिंजरा’चं संगीत यांचं. दुसरे घाटकोपर पश्चिमचे आमदार.

शरद जोशी: शेतकरी संघटनेचे (१९३५–२०१५) आणि हिंदीतले व्यंगकार (१९३१–१९९१). ही जोडी फसवी आहे, कारण दोघांनीही लिहिलं. मराठीत शेतीच्या अर्थकारणावर लिहिणारे ते संघटनेचे, हिंदीत विनोदी लिहिणारे ते उज्जैनचे. हिंदी पुस्तकांच्या कपाटातलं ‘शरद जोशी’ मराठी कार्डाला जोडू नका. शेतकरी नेत्याच्या पुस्तकांचे हिंदी अनुवाद मात्र त्यांच्याच कार्डावर जातील. भाषा बघायची ती मूळ लेखनाची, हातात आलेल्या प्रतीची नव्हे.

शेंगाचटणी
काय सांगलालाव, आपल्या सोलापूरचं नाव राहिलं की! जगन्नाथ शिंदे. चार हुतात्म्यांपैकी एक, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. आता हेच नाव शोधात टाकून बघा, औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेच्या अध्यक्षांचे फोटो समोर येतात. जानेवारीत फलक करणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं.

भुईकोट
फोटोचा मुद्दा आलाच आहे तर सांगतो. शोधयंत्र नावावर चालतं, आणि ज्याचे फोटो जास्त तो वर येतो. म्हणून जुना माणूस नेहमी मागे पडतो. शोधताना नावाबरोबर एक असा शब्द टाकायचा जो दुसऱ्या माणसाला लागूच पडत नाही. ‘जगन्नाथ शिंदे सोलापूर’ पुरत नाही; ‘जगन्नाथ शिंदे मार्शल लॉ १९३०’ टाका. मिळालेला चेहरा मग छापील गोष्टीशी ताडून बघा: गौरव अंक, स्मरणिका, नाहीतर त्यांच्याच पुस्तकाचं मलपृष्ठ. दहा संकेतस्थळांवर एकच फोटो दिसला म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. बहुतेकांनी एकमेकांचाच उचललेला असतो.

सात_रस्ता
आद्याक्षरांबद्दल सविस्तर लिहितो, कारण मराठीत खरी मेख तिथेच आहे.

पुरुषोत्तम देशपांडे म्हणजे कोण? पु. ल. (पुरुषोत्तम लक्ष्मण, १९१९–२०००) की पु. य. (पुरुषोत्तम यशवंत, १८९९–१९८६)? दोघांनाही साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पु. य. ना १९६२ चा, पु. ल. ना १९६५ चा. पुरस्कारांच्या इंग्रजी याद्यांवरून मराठी यादी करताना मधलं अक्षर गळालं की पु. य. नाहीसे होतात आणि पु. लं. च्या नावावर दोन पुरस्कार चढतात. इथे फरक करणारं एकच अक्षर आहे, तेव्हा कार्डावर आद्याक्षर नको, वडिलांचं नाव पूर्ण लिहा.

याच्या उलट प्रकार: आद्याक्षरं एक, नावं निराळी. वि. स. खांडेकर म्हणजे विष्णू सखाराम. वि. स. पागे म्हणजे विठ्ठल सखाराम, रोजगार हमी योजनेचे. वि. स. वाळिंबे म्हणजे विनायक सदाशिव. आडनाव आहे तोवर अडचण नाही. पण जुन्या मासिकांत लेखाखाली नुसतं ‘वि. स.’ असतं, आणि मग ज्याचं नाव जास्त माहीत त्याच्या खात्यावर लेख जातो. अशा वेळी त्या अंकाची वार्षिक सूची बघायची, तिथे पूर्ण नाव सापडण्याची शक्यता असते. नाही सापडलं तर ‘वि. स. (अनिर्णित)’ असं वेगळं कार्ड करा. अंदाजाने जोडलेलं नंतर सुटत नाही.

आणखी एक: टंकताना अनुस्वार गळतो. ‘बा. गं.’ म्हणजे बाळ गंगाधर. त्याचं ‘बा. ग.’ झालं की वाचणारा गणेश किंवा गजानन समजतो. बाळ गंगाधर टिळक आणि मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर, दोघांचं नाव आणि वडिलांचं नाव एकच. तिथे आडनावच तारतं.

बाळीवेस
वडिलांच्या नावाचं महत्त्व बघायचं तर चंद्रकांत पाटील घ्या. निदान चार कार्डं लागतील.

चंद्रकांत बच्चू पाटील: मूळचे कोल्हापूरकडचे, कोथरूडचे आमदार, मंत्री.
चंद्रकांत रघुनाथ पाटील: जळगाव जिल्ह्यात जन्म, नवसारीचे खासदार, ‘सी. आर. पाटील’ म्हणून ओळख.
चंद्रकांत निंबा पाटील: मुक्ताईनगरचे आमदार.
चंद्रकांत पाटील: कवी आणि अनुवादक, जन्म १९४३.

पहिले दोघे जुलै २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात एकाच पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते, एक महाराष्ट्राचे, दुसरे गुजरातचे. म्हणजे नाव, आडनाव, पक्ष, पद, काळ, सगळं जुळलं! ‘भाजप प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील’ या ओळीवरून माणूस ठरत नाही, राज्य लिहावंच लागतं. पहिले आणि तिसरे २०१९ पासून एकाच विधानसभेत आहेत, तेव्हा ‘आमदार चंद्रकांत पाटील’ही अपुरं; मतदारसंघ लिहा. आपल्या जिल्ह्याचे पालकमंत्री होते ते पहिले. कवींचं कार्ड मात्र निवांत आहे, ‘कवी’ म्हटलं की काम झालं.

कंबरतलाव
चंद्रकांत पाटलांवरून एक नियम ठरवून टाकू. पद कधीही एकटं लिहायचं नाही; पद, जागा आणि सालं एकत्र. पद बदलतं, कार्ड राहतं.

पंढरीची_वाट
आपल्या जिल्ह्याला या विषयात मान मिळाला पाहिजे तो पंढरपूर-सांगोल्यामुळे. संतकवींना ‘वडिलांचं नाव लिहा’ हा नियम लावून बघा, लगेच कोलमडतो. तिथे नाममुद्रा, भाषा आणि काळ ही तीन साधनं, आणि तिन्ही एकत्रच वापरायची.

नामदेव. संत नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. विष्णुदास नामा त्यांच्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, एकनाथांच्या काळातला; त्याने मराठीत महाभारत रचलं. नामा पाठक नावाचा कवी आणखी निराळा. पण जुन्या गाथांमध्ये ‘नामा म्हणे’ दिसलं की सगळं एकाच ठिकाणी टाकलेलं आहे. वाटेल की ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा आली की दुसऱ्याचा अभंग. तसं नाही. विष्णूचा दास हे कुठलाही वारकरी स्वतःला म्हणवून घेतो, त्यामुळे ती मुद्रा संत नामदेवांच्या म्हणून मानलेल्या अभंगांतही आहे. मुद्रेवर निकाल देणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक.

मग काय बघायचं? पहिलं, अभंगात उल्लेख कोणाचे आहेत. कबिरांचं नाव आलं तर १३५० साली समाधिस्थ झालेल्या नामदेवांचा तो अभंग असूच शकत नाही, कबीर पंधराव्या शतकातले. दुसरं, रचना. सलग पौराणिक आख्यान, पर्वामागून पर्व असा ओवीबद्ध विस्तार दिसला तर तो विष्णुदास नामाकडे झुकतो. तिसरं, हस्तलिखिताचा काळ. शीख परंपरेच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि आदिग्रंथाचं संकलन १६०४ चं. म्हणजे ती पदं त्यानंतरची नाहीत, एवढी तरी काळमर्यादा मिळते. गाथेतल्या प्रत्येक अभंगाला ती मिळत नाही.

सूचीत तीन कार्डं करा: ‘नामदेव, संत’, ‘विष्णुदास नामा’, ‘नामा (कर्तृत्व अनिश्चित)’. तिसरं कार्डच सगळ्यात जाड होईल. होऊ द्या.

श्रीधर तर अगदी घरचे. हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृत लिहिणारे श्रीधर (१६५८–१७२९) सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे. भागवतावरच्या ‘श्रीधरी’ टीकेचे श्रीधरस्वामी संस्कृतातले, त्यांच्या कितीतरी आधीचे. आणि समर्थ संप्रदायातले श्रीधरस्वामी (१९०८–१९७३), सज्जनगडावर साधना केलेले, कर्नाटकात वरदहळ्ळीला समाधी. तिघांनाही पुस्तकाच्या पाठीवर ‘श्रीधरस्वामी’ छापलेलं सापडेल. निवाडा असा: मराठी ओवी आणि पोथी दिसली की नाझरेकर, संस्कृत टीका दिसली की भागवतवाले, प्रवचनं-पत्रं-आधुनिक छायाचित्र दिसलं की विसाव्या शतकातले. छायाचित्र असेल तर बाकी दोघांचा प्रश्नच मिटतो.

बाराबंदी
नाममुद्रेवरून आठवलं. आपल्या सिद्धरामेश्वरांच्या कन्नड वचनांत ‘अंकित’ असतं, म्हणजे अशीच मुद्रा, आणि ते बऱ्यापैकी भरवशाचं आहे. सिद्धरामांचं ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’, अक्कमहादेवींचं ‘चन्नमल्लिकार्जुन’. दोन्हीत मल्लिकार्जुन आहे म्हणून मराठी भाषांतरात नुसतं ‘मल्लिकार्जुना’ एवढंच ठेवलं तर कोणाचं वचन ते कळायची सोय उरत नाही. भाषांतर करणाऱ्यांनी अंकित जसंच्या तसं ठेवावं. आणि ‘सिद्धराम’ हे नाव सोलापुरात घरोघरी असल्याने संताचं कार्ड ‘सिद्धरामेश्वर (बारावे शतक)’ असंच करा.

दुसरा मुद्दा सोलापूरसाठी फार कामाचा: ‘शेवटचा शब्द म्हणजे आडनाव’ हा नियम इथे चालत नाही. तेलुगू पद्धतीत घराण्याचं नाव आधी येतं. पी. व्ही. नरसिंह राव म्हणजे पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. घराण्याचं नाव पामुलपर्ती, आणि ते ‘पी’मध्ये लपलंय. ‘राव’ खाली कार्ड केलंत तर त्या एका खणात निम्मा आंध्र गोळा होईल. कन्नडमध्ये पुढची अक्षरं बऱ्याचदा गावाची आणि वडिलांची असतात. एच. डी. देवेगौडा म्हणजे हरदनहळ्ळी गावचे, दोड्डेगौडांचे चिरंजीव देवेगौडा. तिथे आडनाव हुडकत बसू नका, मूळ नावाखाली कार्ड करा आणि आद्याक्षरं सोडवून कंसात लिहा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घराण्यांतले मान्यवर सूचीत येणारच आहेत. कोण मराठी पद्धतीने लिहितो, कोण तेलुगू, हे प्रत्येकाच्या स्वतःच्या सहीवरून ठरवा.

कंबरतलाव
हे दुसरं कामाचं. मग प्रचलित नावाचं ‘पाहा’ कार्ड आणि पूर्ण नावाचं मुख्य कार्ड अशी दोन करू. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे हुतात्म्यांचं पूर्ण नाव, लोकांच्या तोंडी फक्त ‘कुर्बान हुसेन’. मुख्य कार्ड पूर्ण नावाखाली आणि ‘कुर्बान हुसेन: पाहा…’ असं छोटं कार्ड.

सात_रस्ता
संगणकावर घेणार असाल तर एक खड्डा आधीच बुजवा. १९६२ च्या लेखननियमांनंतर व्यक्तिनामांचा शेवटचा इ-उ दीर्घ लिहायची पद्धत आली. जुन्या मुखपृष्ठांवर ‘हरि’, ‘विष्णु’. नव्या आवृत्त्यांवर ‘हरी’, ‘विष्णू’. संगणकाला ही दोन निराळी नावं वाटतात, आणि एकाच लेखकाच्या दोन नोंदी होतात. म्हणजे नेमका उलटा गोंधळ! एक रूप मुख्य धरा आणि शोधाच्या रकान्यात दोन्ही रूपं टाका. तसंच कुर्बान/कुरबान, सिंह/सिंग, फैयाज/फैय्याज.

भुईकोट
एका माणसाच्या दोन नोंदींवरून: शाहीर अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. सी. रामचंद्र गायले ‘चितळकर’ म्हणून, आणि ‘श्यामू’, ‘अण्णासाहेब’ या नावांनीही संगीत दिलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ‘के दिहुआ’. यांना ‘हे नव्हेत’ नको, ‘हेच ते’ अशी ओळ लागेल.

नवीपेठ
पदव्यांकडे कुणी बघितलं नाही अजून. फलकांवरच्या निम्म्या चुका तिथल्या आहेत.

‘शाहू महाराज’: सातारचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९), संभाजी महाराजांचे पुत्र. कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२), आरक्षण आणि वसतिगृहांचे. आणि २०२४ साली कोल्हापुरातून खासदार झालेले शाहू छत्रपती. पेशव्यांच्या नेमणुकीचा उल्लेख असेल तर सातारचे. ‘राजर्षी’ हा शब्द सातारच्या शाहूंना लावू नका.

‘राजाराम महाराज’: शिवछत्रपतींचे पुत्र (१६७०–१७००), आणि कोल्हापूरचे राजाराम, जे १८७० साली इटलीत फ्लॉरेन्सला वारले. शिवाय कोल्हापूरला नंतरही एक राजाराम झाले, राजर्षी शाहूंचे पुत्र.

‘समर्थ’: रामदास की अक्कलकोटचे स्वामी समर्थ? आपल्या जिल्ह्यात नुसतं ‘समर्थ’ म्हटलं की लोक अक्कलकोट समजतात, साताऱ्याकडे सज्जनगड. कार्डावर गाव आधी लिहा.

‘बाळासाहेब’ ही तर पदवीसुद्धा नाही, लाडाचं नाव. ठाकऱ्यांचं मूळ नाव बाळ, थोरातांचं विजय, देसायांचं दौलतराव, देवरसांचं मधुकर. एकाही कार्डाची सुरुवात ‘बाळासाहेब’ने करू नका.

गड्डा
नावसाधर्म्याचा तोटा आकड्यात बघायचा असेल तर रायगड, २०१४ लोकसभा. सुनील दत्तात्रय तटकरे २,११० मतांनी पडले. त्याच मतपत्रिकेवर सुनील श्याम तटकरे नावाचे अपक्ष होते, त्यांना ९,८४९ मतं. छत्तीसगडमध्ये महासमुंदला त्याच वर्षी चंदूलाल साहूंसमोर त्यांच्या नावाशी मिळतेजुळते दहा अपक्ष उभे होते, तरी ते निवडून आले.

यात आपल्या कामाचं एवढंच. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये तरतूद आहे की दोन उमेदवारांचं नाव एकच असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा अन्य रीतीने वेगळेपण दाखवायचं. म्हणजे वर ठरलं तेच. तरीही घोळ का होतो? कारण यादी तीन गटांत लागते: मान्यताप्राप्त पक्ष, नोंदणीकृत पक्ष, अपक्ष. दोन तटकरे शेजारी येत नाहीत. मतदाराला एकच नाव दिसतं आणि दुसरं आहे हेच कळत नाही. २०१५ पासून मतपत्रिकेवर फोटो आले ते यासाठीच.

सूचीत हाच धोका आहे. वेगळ्या खणांत कार्डं ठेवलीत, कलावंत एकीकडे आणि राजकारणी दुसरीकडे, तर राम कदम राम कदमांना कधी भेटणारच नाहीत. सगळी कार्डं एकाच अकारविल्ह्यात लावा.

कंबरतलाव
खण वेगळे करण्याचा बेत होता, तो रद्द. क्षेत्रानुसार हवं असेल तर कार्डाच्या कोपऱ्यात रंगाची खूण करू.

शेंगाचटणी
फैयाज घेतल्या का? सोलापूरच्या. गायिका-अभिनेत्री, २०१५ च्या बेळगाव नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा.

भुईकोट
घ्यायलाच हव्यात. समोर आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ, १९५० साली बडोद्यात गेले. ध्वनिमुद्रणांच्या यादीत ‘फैयाज’ एवढंच असेल तर ख्याल की नाट्यपद ते ऐका, पुरुषाचा आवाज की बाईचा हे पहिल्या सुरालाच कळतं. कार्ड ‘फैयाज’ या एकाच नावाखाली. आडनाव स्वतःहून जोडू नका, त्या रंगभूमीवर एकाच नावाने वावरल्या.

बाराबंदी
दयानंद कॉलेजच्या पोरांसाठी: स्वामी दयानंद सरस्वती दोन. कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते आर्य समाजाचे संस्थापक (१८२४–१८८३), पूर्वाश्रमीचे मूळशंकर. दुसरे वेदान्त शिकवणारे, आर्ष विद्या गुरुकुलाचे (१९३०–२०१५), पूर्वाश्रमीचे नटराजन. संन्याशांना वडिलांचं नाव लावत नाहीत, म्हणून त्या जागी पूर्वाश्रमीचं नाव लिहा. ‘सरस्वती’ हे आडनाव समजून ‘स’मध्ये टाकू नका, ते दशनामी संन्याशांच्या दहा नावांपैकी एक आहे, ‘गिरी’, ‘पुरी’, ‘भारती’ यांसारखं.

कंबरतलाव
नोंदवलं. ‘द’ खाली, दोन कार्डं. पुढचा खण ‘देशमुख’ आहे. विलासराव, गोपाळराव, नानाजी, चिंतामणराव ही सोपी. ज्यांची नावं जुळतात असे देशमुख वडिलांच्या नावासकट टाका. आद्याक्षरांवर काम भागवू नका.